आपोआप उघडणारे दार

गेल्या दिवाळीत मी चार दिवस कुरुंद्यास होतो. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हे गाव. आमचे मूळ घर तेथे आहे आणि माझे चुलतबंधू आजही ते राखून आहेत. पाडव्याच्या दिवशी माझ्या वृद्ध काकूंनी, बंगळूरास नोकरीस असलेल्या नातीचे तोंड दिसावे, अशी इच्छा प्रकट केली. तेव्हा घरातील जुन्या संगणकाला कॅमेराच नाही हे सर्वांच्या ध्यानात आले. पुतण्या उठला आणि वसमतेहून एक लहानसा कॅमेरा घेऊन आला. त्यावर ज्या कारखानदाराचे नाव होते ते आमच्यापैकी कोणी पूर्वी ऐकलेले नव्हते. पुतण्याने तारेचे टोक संगणकाच्या खाचेत बसविले, कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा लागला, आणि दोन मिनिटांत नात पडद्यावर हसू लागली. मी त्याला विचारले, "अरे, त्यासाठी संगणकात काही बसवावे लागत नाही का?" तो म्हणाला, "नाही काका, ते आपोआप होतं."

काकूंचे डोळे भरून आले होते. त्या वेळी तत्त्वचर्चा काढणे मला शोभले नसते. परंतु तो 'आपोआप' शब्द मनातून जाईना. आम्ही तर्कशास्त्र शिकविणारी माणसे या शब्दाकडे नेहमीच संशयाने पाहतो. कार्य आहे तेथे कारण आहे, आणि कृत्य आहे तेथे कर्ता असावयास हवा, हा आमचा पहिला धडा. मग त्या अनोळखी कॅमेऱ्याला संगणकाच्या आत कोणी घेतले? पुतण्याने केवळ तार जोडली. काकूंनी केवळ इच्छा केली. परवानगी कोणी दिली? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याचा माग काढता काढता मी ज्या जागी येऊन पोहोचलो ती जागा संगणकापासून पुष्कळ दूर आणि मला स्वतःला फार जवळची निघाली.

प्रथम प्रत्यक्ष काय घडले ते पाहू. प्रत्येक संगणकात एक मूळ कार्यक्रम अहोरात्र जागा असतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. पुतण्याच्या संगणकावर लिनक्स नावाचा गाभा आहे. हा शब्द मला समर्पक वाटतो, कारण देवळाप्रमाणे येथेही अधिकाराच्या पायऱ्या आहेत. आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, चित्रे पाहतो, ते सारे कार्यक्रम सभामंडपात वावरतात. त्यांतला एखादा बिघडला तर तेवढाच बंद पडतो. परंतु जो गाभाऱ्यात शिरला त्याला यंत्राच्या सर्व स्मृतीवर आणि सर्व अवयवांवर सत्ता मिळते. तो चुकला तर सारे यंत्र कोसळते, आणि तो फितूर झाला तर घरमालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. कॅमेरा, छपाईयंत्र, कळफलक अशा उपकरणांशी त्यांच्या भाषेत बोलणारे जे लहान लहान कार्यक्रम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. आणि लिनक्समध्ये त्यांची जागा बहुधा याच गाभाऱ्यात असते.

आता दाराशी नवे उपकरण आले की काय होते? गाभा त्याला विचारतो, 'तू कोण?' उपकरण उत्तर देते: माझा कारखानदार अमुक अंकाचा, माझा नमुना अमुक अंकाचा, माझा वर्ग अमुक. जणू काही ते आपले गोत्र, नाव आणि जात सांगते. त्या उत्तराची एक ओळ तयार होते. गाभ्याबाहेरचा यूडेव्ह नावाचा कारभारी ती ओळ घेऊन एका सूचीत पाहतो; त्या सूचीत कोणत्या नावाच्या पाहुण्यासाठी घरातला कोणता गडी उठवावयाचा हे आधीच लिहून ठेवलेले असते. गड्याचे नाव सापडले की त्याचे मॉड्यूल तबकडीवरून उचलून गाभ्यात जोडले जाते, आणि त्या क्षणापासून तो गाभ्याचाच अंश होतो. आमच्या कॅमेऱ्याच्या कारखानदाराचे नाव सूचीत नसले तरी अडले नसते. त्याने 'मी कॅमेरा या वर्गाचा' एवढे सांगितले आणि तेवढ्यावर दार उघडले. या साऱ्याला एक क्षणही लागला नाही.

ही व्यवस्था एका दिवसात झालेली नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले. जानेवारी १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्यावर जाहीर टीका केली. गाभा लहान असावा, ड्रायव्हरसारखी मंडळी त्याच्या बाहेर राहावी, हा त्यांचा पक्ष. वेग आणि सोय यांसाठी सर्वांना आत घ्यावे, हा टॉर्वाल्ड्स यांचा. व्यवहारात लिनक्स टिकला आणि वाढला. परंतु सर्व उपकरणांचे सर्व ड्रायव्हर कायमचे आत ठेवले तर गाभा फुगणार. म्हणून १९९५ च्या आवृत्तीपासून हवे तेव्हा जोडावयाचे आणि नको तेव्हा काढावयाचे असे सुटे मॉड्यूल आले. आरंभी मनुष्याने स्वहस्ते आज्ञा लिहून ते जोडावे लागत. १९९६ मध्ये मागणी होताच ते जोडणारा एक मदतनीस आला. जानेवारी १९९९ च्या आवृत्तीत गाभा स्वतःच ते बोलावू लागला. २००१ पासून चालू यंत्राला उपकरण जोडताच दखल घेण्याची सोय झाली. आणि २००३ मध्ये वर सांगितलेला यूडेव्ह आला. मनुष्याचा हात असा पायरीपायरीने मागे सरत गेला.

या मागे सरण्यास मी नावे ठेवीत नाही. ज्या काळी प्रत्येक ड्रायव्हर हाताने जोडावा लागे, त्या काळी संगणक हे जाणत्यांचेच साधन होते. कुरुंद्यातील एका म्हातारीला नातीचे तोंड पाहता आले ते या 'आपोआप'मुळेच. ज्ञानाची अट काढून टाकली की सामान्य माणसाला दार उघडते, हा लहानसहान लाभ नव्हे. आणि तो पुसून टाकून कोणी सावधगिरीचा उपदेश करू लागला तर त्याला मी अभिजनांचा अहंकार म्हणेन.

परंतु नाव सांगणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. आपल्या नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानले. पण तो शब्द आप्ताचा असावा, म्हणजे जो वस्तू जाणतो आणि जशी जाणतो तशीच सांगतो त्याचा असावा, अशी अट घातली. येथे ती अटच नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये बर्लिनच्या कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी अमेरिकेतील लास व्हेगस येथील परिषदेत एक प्रयोग दाखविला. साधा पेन ड्राइव्ह. पण त्याच्या आतील सूक्ष्म कार्यक्रम बदललेला. संगणकाने विचारले, 'तू कोण?' त्याने सांगितले, 'मी कळफलक.' संगणकाने विश्वास ठेवला. आणि मग मालक आपल्या बोटांनी लिहीत असल्याप्रमाणे तो पेन ड्राइव्ह संगणकाला आज्ञा देऊ लागला. कोठेही कुलूप फुटले नाही, कारण कुलूप नव्हतेच. खोटे नाव सांगणाऱ्याला खऱ्या नावाचा सन्मान मिळाला, इतकेच.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, कारण त्यात पाहुणा निमित्तमात्र असून दोष घरच्याच गड्याचा असतो. इकोनेट नावाची एक जुनी जोडणी होती. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील शाळांतले संगणक तिने एकमेकांस जोडीत. तिचे मॉड्यूल लिनक्समध्ये वर्षानुवर्षे पडून होते. वापरणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते, आणि म्हणूनच त्यातील चुका कोणाच्या नजरेस आल्या नव्हत्या. २०१० मध्ये त्या उघडकीस आल्या, आणि असे दिसले की, जेथे हे मॉड्यूल मागताक्षणी जोडले जाई, तेथे कोणत्याही सामान्य वापरकर्त्याने त्याची नुसती मागणी करावी आणि त्याच्या चुकांचा लाभ घेऊन यंत्राचे स्वामित्व मिळवावे. ज्या गड्याला घरात कोणी कधी पाहिलेही नव्हते, तो केवळ नाव पुकारताच माजघरात येऊन उभा राहत होता. कोणी विचारील, त्याला कामावर ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला? याचे उत्तर असे की, तो न काढण्याचा निर्णय सर्वांनी मिळून, काहीही न करता, घेतला होता.

माझ्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. आपोआप असे जगात काही होत नाही. निर्णय फक्त अगोदर घेतलेला असतो. ज्याने सूची लिहिली त्याने तो घेतला, ज्याने ती न वाचता स्वीकारली त्याने तो मान्य केला, आणि ज्याच्या घरात ती लागू झाली त्याच्या नावावर तो जमा झाला. निर्णय आणि कृती यांच्यामध्ये काळ गेला म्हणून निर्णय नाहीसा होत नाही, विसरला जातो. आणि विसरलेल्या निर्णयाला आपण 'स्वभाव', 'रीत', 'व्यवस्था' अशी निरुपद्रवी नावे देतो.

हे लिहीत असता मला एका कपाची आठवण होते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी आठ वर्षांचा होतो. कुरुंद्याच्या त्याच घरी, ओसरीवर काका हिशेब लिहीत बसले होते. गावाच्या पलीकडच्या टोकाकडून एक मनुष्य शेताच्या कामाचा निरोप घेऊन आला आणि अंगणात उभा राहिला. काकांनी मान वर न करता विचारले, "कुणाचा रे तू?" त्याने आपले आणि बापाचे नाव सांगितले. मी उठलो, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला कान तुटलेला कप घेतला आणि चहासाठी त्याच्यापुढे नेऊन ठेवला. मला कोणी सांगितले नव्हते. घरात सहा धड कप होते; ते माझ्या डोक्यातही आले नाहीत. त्या मनुष्याने कपाकडे एकदा पाहिले. त्याने तो ओळखला, आणि मुकाट्याने उचलला.

नाव ऐकले आणि माझ्या आत काहीतरी जोडले गेले. ते थेट गाभ्यात गेले, आणि माझ्या हातापायांवर त्याची सत्ता चालली. ती सूची मी लिहिलेली नव्हती. आठ वर्षांच्या मुलाला दोष काय द्यावयाचा, असे म्हणता येईल. पण त्याच वर्षी, १९७८ च्या पावसाळ्यात, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला म्हणून आमच्या विभागात दलितांची घरे जाळली गेली. आणि ते नाव विद्यापीठाला लागण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. हाती पलिते घेणारे आणि हाती तो कप घेणारे यांच्यात अंतर आहे, हे मी जाणतो. सूची मात्र एकच होती.

औंढा नागनाथ आमच्या गावापासून फार दूर नाही. नामदेव तेथे देवासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना हीन जातीचे म्हणून देवळाच्या मागे जावयास सांगितले आणि मग देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. लहानपणी मला तिच्यातील चमत्काराचे आश्चर्य वाटे. आता पुजाऱ्यांचे वाटते. त्यांनी त्या गायनाचा विचार करून ते टाकाऊ ठरविले असे आख्यायिका सांगत नाही. त्यांनी गायन ऐकलेच नाही. जात ऐकली, आणि पुढचे आपोआप झाले. पेन ड्राइव्हच्या बाबतीत नावावरून अपात्राला आत घेतले गेले, येथे नावावरून पात्राला बाहेर काढले गेले; चूक मुळात एकच, नावालाच आचरण मानण्याची.

नावे किती थोडे सांगतात याचे उदाहरण कुरुंद्याच्या नावातच आहे. ज्यांच्या आडनावामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले, ते नरहर कुरुंदकर १५ जुलै १९३२ रोजी जन्मले ते नांदापूर येथे. आडनावावरून जन्मगाव ठरविणारा तेथेच फसला असता. परीक्षेच्या कागदावरून माणूस ठरविणारा तर अधिकच फसला असता, कारण इंटरच्या परीक्षेत ते एकदा नव्हे, अनेकदा अनुत्तीर्ण झाले. पुढे तेच गृहस्थ नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांचे व्याख्यान ऐकावयास विद्वान दाटी करू लागले. मी स्वतः तीस वर्षे प्रवेशाच्या अर्जांवरून मुलांविषयी मते बनवीत आलो आहे. त्यांपैकी किती मते मुलगा तोंड उघडण्यापूर्वीच माझ्यात जोडली गेली होती, याचा हिशेब मी कधी केला नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग काय प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने विचार करीत बसावे? तसे केले तर जगणेच अशक्य होईल. हा आक्षेप मला मान्य आहे. ॲरिस्टॉटलने सद्गुणाचेही मूळ सवयीतच शोधले. मूल पडले की आई धावते, ती विचार करून नव्हे. आणि ती विचार करीत थांबली तर आपण तिला नीतिमान म्हणणार नाही. तेव्हा 'आपोआप' हा शत्रू नव्हे. पाहावयाचे ते एवढेच की, सूची कोणी लिहिली, ती आपल्याला वाचता येते काय, आणि तिच्यातील नाव आपल्याला खोडता येते काय.

ज्यांचे काम अत्यंत नाजूक ते या बाबतीत कसे वागतात, हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. अमेरिकेतील ज्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली त्यांच्याच जातीची ही. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक ओळखावयाचा, असे तिचे काम. अमेरिकेतील वेधशाळांत आरसे जागच्या जागी राखणारे नियंत्रणाचे कार्यक्रम लिनक्सच्या गाभ्यातच मॉड्यूल म्हणून शिरतात आणि संगणकाच्या मेंदूचा एकेक भाग सर्वस्वी आपल्या ताब्यात घेतात. पण कोणी तरी तार जोडली म्हणून ते आत येत नाहीत. कोणत्या यंत्रावर कोणी बसावयाचे हे माणसांनी ठरवून लिहिलेले असते. अधिकार जितका मोठा, तितके त्याला निवडणारे डोळे उघडे हवेत, हा न्याय त्यात आहे.

साध्या संगणकातही सावधगिरीचे तीन मार्ग ठेवलेले आहेत. अमुक नावाचे मॉड्यूल आपोआप उठवू नये, अशी वर्ज्य नावांची यादी करता येते. यंत्र सुरू होऊन आवश्यक ती मंडळी आत आली की यापुढे कोणालाच घ्यावयाचे नाही, असा दरवाजा लावता येतो. तो लावला की यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत मालकालाही उघडता येत नाही. आणि तिसरा मार्ग मला सर्वांत सुसंस्कृत वाटतो: यूएसबीच्या खाचेतून नवे उपकरण आले की त्याची नोंद घ्यावी, नाव ऐकून घ्यावे, पण मालक होकार देईपर्यंत कामास लावू नये. आपल्या जुन्या घरांना ओसरी याचसाठी होती. आलेल्याला उन्हात उभा ठेवावयाचा नाही, आणि थेट माजघरातही न्यावयाचा नाही. बसवावयाचे, पाणी द्यावयाचे, बोलते करावयाचे. मनाचा दरवाजा कायमचा लावून घेणे हा मनुष्याला शोभणारा मार्ग नव्हे. कोणाचे नाव ऐकताच आत जे मत उठून उभे राहते त्याला मात्र काही काळ ओसरीवर बसविणे आपल्या हाती आहे. पाहुण्याला बसवावयाचे ते आदराने, आणि स्वतःच्या मताला बसवावयाचे ते संशयाने. आमच्या घरी हे नेमके उलट होत असे: मत माजघरात आणि मनुष्य अंगणात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुतण्याला म्हटले, "तुझ्या संगणकातली ती वर्ज्य नावांची यादी दाखव." त्याला ती ठाऊक नव्हती, आम्ही दोघांनी मिळून शोधली. इकोनेट तीत होते, डेकनेट होते, आणखी काही विचित्र नावे होती. आणि वर कोणी तरी, ती का वर्ज्य केली, याचे कारण चार ओळींत लिहून ठेवले होते. पुतण्या म्हणाला, "काका, हे कुणी तरी बसून केलंय की!" मी म्हटले, "होय. एवढेच मला तुला दाखवायचे होते."

जेवणानंतर मी गोठ्याकडे गेलो. कोनाडा रिकामा होता. काकू अंगणात बसल्या होत्या. तो कान तुटलेला कप गेला कधी, असे मी त्यांना विचारले आणि उत्तराची वाट न पाहता म्हटले, "काळ बदलला, तसा गेला असेल आपोआप." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपोआप कुठं जातं रे बाबा काही? मीच फोडला तो. ह्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं."